‘नाही’ म्हटल्याची तारीख

पाठलागाचा खटला कोर्टात उभा राहण्याच्या कितीतरी आधी घरातच घडतो किंवा बिघडतो. मुलीने पहिल्यांदा आईला सांगितले तो दिवस, ‘पुन्हा मेसेज करू नकोस’ असे तिने लिहून पाठवले ती वेळ, भावाने संतापून तिच्या फोनमधले सगळे चॅट पुसून टाकले ती संध्याकाळ. पुढे दोन-तीन वर्षांनी न्यायाधीशांसमोर जे काही उरते ते यातूनच. म्हणून आधी घरातल्या कामाचे बोलू, मग पोलीस ठाण्याचे आणि कोर्टाचे.

जळगाव-धुळ्याकडच्या मुलींची एक अडचण शहरातल्या मुलींपेक्षा वेगळी आहे. पारोळा, एरंडोल, अमळनेर, शिंदखेडा, साक्री या भागांतल्या खेड्यांतून त्या एसटीने शिकायला येतात. अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासमुळे शाळा-कॉलेजपर्यंत पोचणे सोपे झाले, ही फार मोठी गोष्ट आहे. पण गाडी ठरलेली, वेळ ठरलेली, उतरण्याचा थांबाही ठरलेला. मागे लागणाऱ्याला वेगळे काही शोधावे लागत नाही. आणि मुलगी घरी बोलत नाही, कारण बोलले की कॉलेज बंद होईल, वर्ष-दोन वर्षांत लग्न उरकले जाईल, हे तिला ठाऊक असते. आईवडिलांनो, कायद्याची कुठलीही मदत या भीतीच्या पलीकडे सुरू होते. तिचे शिक्षण थांबणार नाही, हे तिला आज, काही घडलेले नसताना, स्पष्ट शब्दांत सांगा. ज्या घरात हे सांगितलेले असते तिथली मुलगी पहिल्या आठवड्यात बोलते. नाहीतर ती सहा महिन्यांनी बोलते, आणि तोवर पुरावे गेलेले असतात.

उशिराची किंमत जळगावने फार जबर मोजली आहे. 1994 मध्ये उघडकीला आलेल्या वासनाकांडात छायाचित्रांच्या धाकाने मुली आणि स्त्रियांना गप्प ठेवले गेले होते. राज्य गुन्हे अन्वेषण विभागात त्या वेळी असलेल्या मीरां बोरवणकर यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी तपास केला, देशभर गाजावाजा झाला. पण बहुतेक खटले कोर्टात टिकले नाहीत. तक्रारी उशिरा आल्या, अनेक जणी पुढे आल्याच नाहीत, साक्षी फिरल्या. तेव्हा पाठलागासाठी वेगळे कलमच नव्हते आणि पीडितेच्या बाजूने आज असलेल्या बऱ्याच तरतुदीही नव्हत्या. आज त्या आहेत. फक्त त्या वापरण्याची रीत माहीत हवी.

कायदा नेमके काय मागतो

दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्कारानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि 2013 मध्ये पाठलाग हा भारतीय दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा झाला, कलम 354-ड. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 ने घेतली. त्या तारखेआधी घडलेल्या कृत्याला जुने कलम लागते, नंतरच्या कृत्याला नवे. मजकूर जवळपास तोच.

या कलमात दोन गोष्टी येतात. एक, पुरुषाने एखाद्या स्त्रीच्या मागे जाणे, तिच्याशी संपर्क साधणे किंवा साधण्याचा प्रयत्न करणे, आणि तेही वारंवार, तिने आपल्याला रस नाही हे स्पष्ट दाखवल्यानंतरही. दुसरी, तिच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणे. पहिल्या प्रकारात ‘वारंवार’ आणि ‘स्पष्ट नकार’ हे दोन शब्द खटल्याचे प्राण आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डिसेंबर 2024 मध्ये हेच सांगितले: एकदा मागे जाणे म्हणजे या कलमातला पाठलाग नव्हे. त्या प्रकरणात पाठलागाची शिक्षा रद्द झाली, लैंगिक छळाचा दोष मात्र कायम राहिला. या निकालावर अनेकांनी नाराजी व्यक्त केली. मला त्यातून घेण्यासारखा धडा व्यावहारिक वाटतो. तो पुन्हा पुन्हा आला होता, हे तारखांनिशी दाखवता आले पाहिजे.

आणि एकदाच घडले असेल तर? तरीही गुन्हा असू शकतो, फक्त कलम वेगळे. अंगाला हात लावला, ओढणी ओढली, हात धरला तर न्याय संहितेचे कलम 74. त्याला एक ते पाच वर्षे शिक्षा आहे आणि तो अजामीनपात्र आहे. लैंगिक स्वरूपाची मागणी किंवा शेरेबाजी कलम 75 मध्ये येते, स्त्रीच्या लज्जेचा अपमान करणारे शब्द, हावभाव कलम 79 मध्ये. जिवे मारण्याची किंवा चारित्र्यावर बट्टा लावण्याची धमकी कलम 351 मध्ये. खासगी क्षणांचे चोरून चित्रण केले तर कलम 77 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66-ई. ‘शक्ती कायद्याखाली गुन्हा नोंदवा’ अशी मागणी अजूनही होते. ते विधेयक डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळात मंजूर झाले, पण राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. त्यामुळे त्याखाली गुन्हा नोंदवता येत नाही. ही मागणी करत बसण्यात वेळ घालवू नका.

मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर सगळे चित्र बदलते. पोक्सो कायद्याच्या कलम 11 मध्ये लैंगिक हेतूने मुलाचा किंवा मुलीचा सतत पाठलाग करणे, पाळत ठेवणे, फोनवरून संपर्क करत राहणे येते, आणि इथे मुलगाही संरक्षित आहे. कळूनही न कळवणे हा गुन्हा आहे, मग ते मुख्याध्यापक असोत की क्लासचे सर. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मार्च 2025 मध्ये मुक्ताईनगर तालुक्यातल्या यात्रेत मुलींमागे फिरून मोबाईलवर चित्रण केल्याचे प्रकरण गाजले तेव्हा हाच कायदा लागला. त्या मुलींविषयी अधिक लिहायला कायदा मनाई करतो, आणि ती मनाई योग्यच आहे. यात्रेत, गणपतीत, लग्नाच्या वरातीत ‘एवढे चालायचेच’ असे म्हणणाऱ्या मोठ्या माणसांनी मात्र हे कलम एकदा वाचावे.

वही

एक साधी शंभर पानी वही घ्या. फोनमध्ये नको, फोन जप्त होऊ शकतो, हरवू शकतो. प्रत्येक घटनेची तारीख, वेळ, ठिकाण, तो काय बोलला, अंगावर काय होते, गाडीचा नंबर, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे तिथे आणखी कोण होते. कंडक्टर, पानटपरीवाला, मैत्रीण, स्टँडवरचा कंट्रोलर. नाव माहीत नसेल तर ‘धुळे-चाळीसगाव, सकाळची सव्वासातची गाडी, कंडक्टर बाई’ एवढेही पुरते. त्या दिवशी त्या फेरीवर कोण होते ते आगारातल्या नोंदींतून काढता येते. त्याच दिवशी लिहा. आठवून आठवून एका बैठकीत लिहिलेली वही उलटतपासणीत अर्ध्या तासात उघडी पडते.

तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा. अहिराणीत बोलला असेल तर अहिराणीत. मुलगी सांगते, ‘तो रोज मना मांगे मांगे येस,’ आणि फिर्यादीत उतरते, ‘सदर इसम माझा वारंवार पाठलाग करीत असतो.’ अर्थ तोच, पण शिवी, धमकी, लगट यांचे नेमके शब्द अशा शुद्ध भाषेत गळून जातात, आणि मग कलम 79 किंवा 351 सिद्ध करायला हातात काही उरत नाही.

आता नकार. तो एकदा, स्पष्ट आणि लेखी द्या. ‘मला तुझ्याशी बोलायचे नाही. पुन्हा फोन, मेसेज करू नको, मागे येऊ नको.’ बस. माफी नको, ‘घरचे रागावतात’ असले कारण नको, कारण त्याचा वकील पुढे म्हणेल की तिची हरकत नव्हती, घरच्यांची होती. समोरासमोर नकार द्यावा लागला तर मैत्रिणीसमोर द्या आणि वहीत लिहा. आधी बोलणे होते, मैत्री होती, अगदी प्रेम होते, तरी काही बिघडत नाही. कायदा नकारानंतरचे मोजतो. हे मुलींना नीट कळत नाही आणि म्हणून त्या जुन्या गोष्टी लपवतात. लपवू नका. जुने चॅट त्याच्याकडेही आहेत, तो ते कोर्टात आणणारच. तुम्ही स्वतःहून सांगितले तर ती तुमची खरी बाजू होते, त्याने काढले तर तुमचे खोटे.

नकारानंतर उत्तर देणे बंद. शिव्या देणारे उत्तरही नको. पण ब्लॉक करण्याआधी पुरावा जपून घ्या. स्क्रीनशॉटमध्ये ‘मयूर क्लासवाला’ असे सेव्ह केलेले नाव न दिसता नंबर दिसला पाहिजे. इन्स्टाग्रामवर नाव पाच वेळा बदलता येते, म्हणून प्रोफाइलची लिंक वेगळी उतरवून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, आपोआप पुसले जाणारे मेसेज असतील तर दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढा. त्यानंतर मूळ फोन बदलू नका, विकू नका, फॉरमॅट करू नका.

मूळ फोनबद्दल एवढा आग्रह का, तर त्यामागे जालन्याचा एक खटला आहे. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातल्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 ला ठरवून टाकले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत, म्हणजे प्रिंट, पेनड्राइव्ह, सीडी, द्यायची असेल तर प्रमाणपत्र सक्तीचे आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने कोर्टात हजर केले तर त्याची गरज नाही. वाद निवडणुकीचा असला तरी तो नियम आज तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपलाही लागतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये हे प्रमाणपत्र मागितले आहे आणि त्याचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत, एक उपकरण ताब्यात असलेल्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. तपास अधिकाऱ्याला ‘63 चे प्रमाणपत्र झाले का’ हा प्रश्न दोषारोपपत्र जाण्याआधी विचारा. चांगला पुरावा या एका कागदावाचून बाद होतो.

सीसीटीव्हीचे चित्रण बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत आपोआप पुसले जाते. दुकानदार ओळखीचा असला तर त्याच दिवशी जाऊन त्याला ते जपून ठेवायला सांगा, आणि पोलिसांना दिलेल्या अर्जात कॅमेऱ्याची जागा व वेळ लिहा. अर्जाची पोच घ्या.

ठाण्यात

पाठलाग हा दखलपात्र गुन्हा आहे. हे वाक्य पाठ करून ठाण्यात जा. कारण सगळ्यात जास्त प्रकरणे इथेच अडकतात: ठाणे अंमलदार अदखलपात्र नोंद करतो, म्हणजे आपण म्हणतो ती एनसी, हातात एक चिठ्ठी देतो, आणि घरच्यांना वाटते तक्रार झाली. एनसीवर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. तुमच्याकडे प्रथम माहिती अहवालाची, एफआयआरची प्रत यायला हवी, आणि ती मोफत मिळते.

घटना कुठल्या हद्दीत घडली यावरून परत पाठवता येत नाही. भुसावळ-सुरत गाडीत अमळनेरजवळ घडले आणि तुम्ही धुळ्याला देवपुरात राहता, तरी जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. तो पुढे लोहमार्ग पोलिसांकडे पाठवणे त्यांचे काम. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हे लिहिलेले आहे. ऑनलाइनही माहिती देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. न्याय संहितेच्या कलम 74 ते 79 मधल्या गुन्ह्यांत पीडितेची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. ठाण्यात त्या वेळी महिला अधिकारी नसेल तर बोलवा म्हणा, थांबा.

एक नवी तरतूद माहीत असावी. तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. पाठलागाला पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने हे कारण पुढे केले जाऊ शकते. तसे झाले तर परवानगी लेखी आहे का ते विचारा आणि चौदाव्या दिवशी पुन्हा जा.

गुन्हा घेतलाच नाही तर? जळगाव आणि धुळे दोन्हीकडे पोलीस आयुक्तालय नाही, म्हणून अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांना, रजिस्टर पोस्टाने. तरीही काही झाले नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175(3) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, प्रतिज्ञापत्रासह. पोस्टाची पावती नसेल तर ही दुसरी पायरी चढता येत नाही, इतकी ती पावती मोलाची. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते, फोन 15100.

चोपडा, यावल, शिरपूर, साक्रीच्या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा, तडवी, कोकणा समाजातल्या आणि अनुसूचित जातींतल्या मुलींसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. आरोपी अनुसूचित जाती-जमातींबाहेरचा असेल तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो. मग तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, अटकपूर्व जामिनाला कायद्याने आडकाठी आहे, आणि पीडितेला सुनावणीच्या प्रत्येक टप्प्याची माहिती मिळण्याचा व बोलण्याचा हक्क आहे. जातीचा दाखला सोबत न्या आणि आरोपीला तुमची जात माहीत होती हे फिर्यादीत कसे ते लिहा. हे कलम सुरुवातीला सुटले की नंतर लावून घेताना दमछाक होते.

फिर्याद वाचून मगच सही करा. आणि वाढवून सांगू नका. कोणीतरी शहाणा माणूस सांगतो की ‘हात धरला म्हणून टाका, जामीन होणार नाही.’ धरला नसेल तर टाकू नका. एका खोट्या वाक्यामुळे वहीतली चाळीस खरी पाने संशयात जातात, आणि त्याचा वकील नेमके तेच वाक्य शोधत असतो.

तो संध्याकाळी घरी येईल

हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून फिर्यादीनंतर घरे खचतात. पाठलागाचा गुन्हा पहिल्या वेळी जामीनपात्र आहे. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असल्याने बऱ्याचदा अटक न करता नोटीस दिली जाते. म्हणजे तो त्याच दिवशी गावात फिरताना दिसू शकतो. याचा अर्थ केस कमकुवत आहे असा नव्हे. ‘दुसऱ्यांदा केले की जामीन नाही’ असेही लोक सांगतात. खरे असे की दुसऱ्यांदा दोषी ठरला तर गुन्हा अजामीनपात्र होतो आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. दुसरी फिर्याद म्हणजे दुसरी शिक्षा नव्हे. म्हणून पहिल्या खटल्यात शिक्षा लागणे, ती छोटी का असेना, फार महत्त्वाचे आहे.

फिर्यादीनंतरचे आठवडे जपायचे असतात. हिंगणघाटला 3 फेब्रुवारी 2020 च्या सकाळी कॉलेजकडे जाणाऱ्या तरुण प्राध्यापिकेला पेटवून देणारा माणूस अनोळखी नव्हता, आधीपासून तिच्या मागावर होता. आठवड्याने ती गेली. त्या खटल्यात सरकारची बाजू आपल्या जळगावच्या उज्ज्वल निकम यांनी मांडली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये जन्मठेप झाली. ती शिक्षा न्याय्यच होती, पण आपल्याला पोचायचे आहे त्याच्या फार आधी. त्याने पुन्हा संपर्क केला, मित्राकरवी निरोप धाडला, घरासमोर गाडी रेस केली तर ‘केस चालूच आहे’ म्हणून गप्प बसू नका. तपास अधिकाऱ्याकडे पुरवणी जबाब द्या, गंभीर असेल तर नवा गुन्हा. त्याच्याविरुद्ध चॅप्टर केस करून कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चांगल्या वर्तणुकीचा बंध लिहून घेण्याची विनंती लेखी करा. अ‍ॅसिडची, जाळण्याची धमकी आली तर क्षणाचाही विचार न करता 112. साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा पातळीवरच्या समितीकडे संरक्षणाचा अर्जही करता येतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही योजना देशभर लागू केली. ऑनलाइन बदनामी चालू असेल तर 1930 आणि जिल्ह्याचे सायबर पोलीस ठाणे.

मग येतात मध्यस्थ. सरपंच, मामा, समाजाचे अध्यक्ष, त्याच्या आईचे रडणे. ‘पोराचे आयुष्य बरबाद होईल, पोलीस भरती चालू आहे, तो माफी लिहून देतो.’ खान्देशात नातीगोती दाट आहेत, त्याच्या मावशीचे घर तुमच्या आत्याच्या शेजारी असते, आणि हा दबाव कुठल्याही वकिलापेक्षा जड असतो. मला इथे स्पष्ट बोलायचे आहे. पाठलागाचा गुन्हा आपसात मिटवण्यासारख्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. ठाण्यात लिहिलेल्या माफीनाम्याने खटला संपत नाही. तो रद्द करून घ्यायचा तर आरोपीला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागते आणि तिथे तुमची संमती मागितली जाते. म्हणजे ‘आमच्या हातात काही नाही, आता कोर्ट आहे’ हे उत्तर तुम्ही प्रामाणिकपणे देऊ शकता. तिला माफ करायचे असेल तर तो तिचा निर्णय, पण तो मामाने घ्यायचा नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात 2020 मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना पीडितेकडून राखी बांधून घेण्याची अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने 18 मार्च 2021 ला ती रद्द केली आणि सगळ्या न्यायालयांना बजावले की जामिनाच्या अटींतून आरोपीला पीडितेशी संपर्काची वाट देऊ नका, तडजोड सुचवू नका. कोर्टाने जे सुचवायचे नाही ते ठाण्यातल्या बाकावर बसून इतरांनीही सुचवू नये.

साक्ष

तपासात एक टप्पा आग्रहाने मागून घ्या: न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183(6) प्रमाणे न्याय संहितेच्या कलम 74 ते 79 च्या गुन्ह्यांत पीडितेचा जबाब दंडाधिकाऱ्यांनी घ्यायचा असतो, शक्यतो महिला दंडाधिकाऱ्यांनी. फिर्यादीनंतर लगेच झालेला हा जबाब दोन वर्षांनी फार उपयोगी पडतो, कारण तोवर आठवणी विरतात आणि दबावही वाढलेला असतो. वही सोबत न्या, पण वाचून दाखवू नका. आधी घरी शांतपणे वाचून जा. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत तुम्हाला कळवणे पोलिसांना बंधनकारक आहे, फोनवरूनही चालते. दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टाने तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल तीन वर्षांत घ्यायची असते, ही मुदत लक्षात ठेवा, विशेषतः तपास रेंगाळला असेल तेव्हा.

दंडाधिकारी न्यायालयात खटला सहायक सरकारी अभियोक्ता चालवतात. त्यांच्या टेबलावर रोज कित्येक फायली असतात आणि तुमची फाइल त्यांनी साक्षीच्या दिवशीच उघडली असण्याची शक्यता असते. समन्स आले की एक-दोन दिवस आधी जाऊन त्यांना भेटा. तारखांचा एक पानी तक्ता द्या: केव्हा नकार दिला, त्यानंतर कोणत्या तारखांना काय, त्याचा पुरावा काय, साक्षीदार कोण. हा कागद त्यांच्या हातात असला की सरतपासणीत ‘वारंवार’ आणि ‘नकार’ दोन्ही नीट नोंदवले जातात, आणि पाठलागाचे कलम या दोन गोष्टींवरच उभे आहे. स्वतःचा वकीलही ठेवता येतो. तो सरकारी अभियोक्त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करतो आणि पुरावा संपल्यावर लेखी युक्तिवाद देऊ शकतो.

उलटतपासणीत प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. तुमची ओळख होती ना? तुम्हीच आधी मेसेज केला होता ना? शेताच्या बांधावरून भांडण आहे म्हणून गोवले ना? फिर्याद उशिरा का? खरे ते थोडक्यात सांगा. ‘ओळख होती. अमुक तारखेला मी नको म्हणून सांगितले. त्यानंतरचे सांगते आहे.’ आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा, अंदाज करू नका. उशीर झाला असेल तर खरे कारण सांगा. कॉलेज बंद होण्याची भीती हे न्यायाधीशांना कळणारे कारण आहे. अपमानास्पद प्रश्न आला तर न्यायाधीशांकडे बघून ‘हा प्रश्न योग्य आहे का?’ असे विचारायला हरकत नाही; असे प्रश्न रोखण्याचा अधिकार त्यांना आहे.

साक्षीदारांनाही जपा. तो कंडक्टर, ती मैत्रीण. मैत्रिणीचे लग्न होऊन ती सुरतेला किंवा नाशिकला गेलेली असते, सासरी कोर्टाचा कागद आला की गडबड उडते. तिच्या घरच्यांशी आधीच बोला. ती येऊ शकत नसेल तर दृकश्राव्य माध्यमातून साक्ष नोंदवण्याची विनंती अभियोक्त्यांमार्फत करता येते. मैत्रीण फितूर झाली म्हणून सगळे संपत नाही. कोर्टाला विश्वास वाटला तर पीडितेच्या एकटीच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते, फक्त ती सुसंगत हवी.

आणखी एक गोष्ट नावाबद्दल. ओळख उघड करण्याची कायद्यातली बंदी न्याय संहितेच्या कलम 72 खाली बलात्कारासारख्या गुन्ह्यांपुरती आहे, शिवाय पोक्सोत. सज्ञान मुलीच्या पाठलागाच्या प्रकरणाला ते कवच आपोआप मिळत नाही. गावातले पोर्टलवाले आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सकाळीच बातमी टाकतात. तपास अधिकारी, वार्ताहर यांना नाव न छापण्याची विनंती पहिल्याच दिवशी करा. जिल्ह्यातल्या पत्रकार मित्रांनीही कायद्यात सक्ती नाही म्हणून मुलीचे नाव, गाव, कॉलेज आणि गल्ली एकत्र छापू नये. नाव नसले तरी गाव आणि कॉलेजावरून खेड्यात सगळ्यांना कळतेच.

निकाल विरुद्ध गेला तर अपिलाचा हक्क फक्त सरकारला आहे असे समजू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 413 खाली सुटकेविरुद्ध पीडितेला स्वतः अपील करता येते, दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात. निकालाच्या दिवशी रडू येईल, घरी जावेसे वाटेल. तरी कोर्टाच्या आवारातून निघण्याआधी नक्कल विभागात जाऊन निकालाच्या प्रमाणित प्रतीचा अर्ज द्या, त्याची पावती त्या वहीत चिकटवा, आणि मग एसटी पकडा.